घाबरलेल्या कुत्र्याला 'घट्ट धरा' हा सल्ला कृपया मागे घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या पानावर मागे एक चौकट आली होती, कुत्र्याची नखं घरी कशी कापायची यावर. त्यात लिहिलं होतं की कुत्रा हलत असेल तर एकाने त्याला घट्ट धरावं आणि दुसऱ्याने पटापट सगळी नखं कापून मोकळं व्हावं. शांत कुत्र्याचं तसं होतही असेल. पण जो आधीच घाबरतो त्याच्याबाबतीत हा सल्ला फार वाईट आहे, आणि हे मी कुठे वाचून नाही, स्वतः तसंच वागून मग दीड वर्ष निस्तरून सांगतेय.

आमचा काळू मोठा झाल्यावर आमच्याकडे आला. पंजाला हात लावू द्यायचा नाही, पाय मागे ओढून घ्यायचा. नखं वाढली, फरशीवर टकटक आवाज यायला लागला, तेव्हा आम्ही तिघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबून धरलं. तिसऱ्या नखाला क्लिपर खोल गेला आणि रक्त आलं. तो किंचाळला तो आवाज अजून कानात आहे. त्यानंतर क्लिपर ज्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो तो नुसता उघडला, आत पेन शोधायला का असेना, तरी काळू पलंगाखाली जायचा. आणि माझ्या हाताचा वास घेणंही त्याने कितीतरी दिवस बंद केलं होतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

नखाच्या आत जिवंत भाग असतो, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला, त्याला क्विक म्हणतात. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो त्यामुळे अंदाज येतो, पण काळ्या नखात बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून काळं नख एका घावात कापायचंच नसतं. पातळ पातळ चकत्या काढायच्या आणि प्रत्येक वेळी कापलेल्या तोंडाकडे बघायचं, आधी ते कोरडं, भुरभुरीत दिसतं, मग मध्यभागी एक गडद ठिपका दिसायला लागतो, तिथे थांबायचं. आता मला सांगा, दाबून धरलेला कुत्रा धडपडतोय आणि आपण पटापट उरकतोय, अशात हे बघणार कधी? म्हणजे घाईनेच जखम होते आणि जखमेने पुढची धडपड वाढते.

दुसरं असं की नख वाढू दिलं तर आतला क्विकसुद्धा पुढे सरकतो. त्यामुळे खूप वाढलेली नखं एका बैठकीत आखूड करताच येत नाहीत, थोडं थोडं आणि वारंवार कापत गेलं की क्विक हळूहळू मागे हटतो. याचा अर्थ एकदाच धरून सगळं उरकायचं, हा सगळा अट्टाहासच मुळात निरुपयोगी आहे. सहसा कुत्र्याला 18 नखं असतात, चारही पायांना चार चार आणि पुढच्या पायांना आतल्या बाजूला वर एक एक अंगठ्याचं. काहींना मागच्या पायांनाही ते जास्तीचं असतं. ही 18 नखं एकाच दिवशी कापली पाहिजेत असा नियम कुणी केला? रोज एक कापा. तेही जमलं नाही तर दोन दिवसांनी एक. फक्त ते अंगठ्याचं विसरू नका, ते जमिनीला घासत नाही म्हणून गोल वळून कातडीत रुततं, आणि दाट केसांच्या कुत्र्यात ते लक्षातही येत नाही.

भीती काढायची कशी, तर जशी बसली तशीच उलट्या दिशेने. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला 1904 साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासाबद्दल, पण त्याचं नाव राहिलं ते कुत्र्यांमुळे, अन्नाआधी ठराविक आवाज होतो हे कळलं की नुसत्या आवाजाने त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. काळूने ड्रॉवर म्हणजे दुखणं एवढंच शिकून घेतलं होतं. मग मी रोज ड्रॉवर उघडायचा, खाऊ द्यायचा, ड्रॉवर बंद, विषय संपला. नखाला हात नाही. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे, आधी आवाज मग खाऊ. आधी खाऊ दाखवून मग क्लिपर काढला तर कुत्रा खाऊलाच संशयाने बघायला लागतो, माझ्याकडून सुरुवातीला हीच चूक झाली आणि पंधरा दिवस वाया गेले. खाऊही साधा नको, जो एरवी कधीच मिळत नाही तो हवा. ड्रॉवरनंतर क्लिपर जमिनीवर नुसता ठेवलेला, मग हातात, मग सुकी काडी कापून त्याचा कट्ट आवाज, मग खांद्यावरून हात फिरवत पंजापर्यंत, मग बोट दाबून नख थोडं पुढे काढणं, मग क्लिपर नखाला नुसता टेकवणं. प्रत्येक पायरीला कित्येक दिवस गेले, आणि तो बिचकला की मी एक पायरी खाली यायचे.

बिचकला हे ओळखायचं कसं हेही छापायला हवं, कारण आपल्याला फक्त गुरगुरणं कळतं. त्याच्या खूप आधी कुत्रा सांगत असतो. भूक नसताना ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड फिरवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो तेव्हा पांढरा भाग दिसतो, कान मागे जातात, किंवा एकदम दगडासारखा स्तब्ध होतो. त्या स्तब्ध होण्याला लोक 'बघा किती शहाण्यासारखा बसलाय' म्हणतात, आणि तो बिचारा भीतीने गोठलेला असतो. आणि गुरगुरला म्हणून ओरडू तर अजिबात नका, तो चावण्याआधी देत असलेला इशारा आहे, तो बंद केलात तर पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतील.

आणखी काही गोष्टी ज्या मला उशिरा कळल्या. क्लिपरची धार गेली असेल तर तो नख कापण्याऐवजी चेंगरतो आणि तेही दुखतं, तेव्हा पातं बदला. पाय बाजूला ओढायचा नाही, कुत्र्याचा पाय तसा वळत नाही, घोड्याला नाल मारताना जसा मागे दुमडतात तसा हलकेच दुमडायचा. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असतील तर तो नखाला नाही, पाय उचलण्याला घाबरत असेल. ग्राइंडर, म्हणजे नख घासून झिजवणारं छोटं यंत्र, काहींना बरा वाटतो पण त्याचा आवाज आणि कंप याचीही सवय आधी करावी लागते, आणि एकाच जागी धरून ठेवला तर नख तापतं. फळीवर सँडपेपर चिकटवून त्यावर पंजा घासायला शिकवता येतं, काळूची पुढची नखं आता बरीचशी अशीच झिजतात. रक्त आलंच तर रक्त थांबवायची पावडर, ती नसेल तर कॉर्नफ्लोर नखाच्या टोकाला लावून काही मिनिटं दाबून धरा, आणि वीसेक मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठा.

एवढं करूनही काही कुत्र्यांची भीती जात नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर आधी द्यायची शांत करणारी औषधं लिहून देतात, गरज पडली तर गुंगी देऊनही नखं कापतात, आणि त्यात मालकाने लाज वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. फक्त माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका.

माझी विनंती एवढीच आहे की त्याच पानावर, तेवढ्याच आकाराची चौकट परत छापा आणि त्यात 'घट्ट धरा'च्या जागी 'आज एकच नख कापा, आणि तो पाय ओढायला लागला तर सोडून द्या' असं लिहा. काल काळूचं एक कापलं, मागच्या उजव्या पायाचं. आज डावा.

आपली एक नियमित वाचक