शशिकला म्हणजे नुसती खलनायिका?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या हिंदी सिनेमातल्या खलनायिकांवरचा लेख वाचला. शशिकला यांच्या वाट्याला त्यात दीड ओळ आली. बाई सोलापूरच्या, हे सोलापूरच्या आवृत्तीतही कुणाला सांगावंसं वाटलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या वाड्यात 'शशिकला' ही शिवी होती. एखादी जाऊ चुलीपाशी बसून दोन भावांत लावालावी करायला लागली, की बायका कुजबुजायच्या, "आली बघा शशिकला." माझी आई 'आरती' सिनेमा बघून आली ती दोन दिवस त्यातल्या जसवंतीला, म्हणजे शशिकलाला, शिव्या घालत होती. वडील गिरणीतून पाळी संपवून आले आणि म्हणाले, "अगं, ती जवळकरांची पोर, आपल्या सोलापूरची." आई गप्प झाली. मग म्हणाली, "आपली हाय होय? तरीच काम लै झ्याक केलंय." त्या दिवसापासून आमच्या घरात तरी ती शिवी बंद झाली.

शशिकला जवळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२चा. घरात सहा भावंडं, वडिलांचा कापडाचा धंदा. वडिलांच्या धाकट्या भावाच्या विलायतेतल्या शिक्षणाला पैसा पुरवता पुरवता तो धंदा बुडाला. ही पोरगी पाचव्या वर्षापासून जिल्ह्यातल्या गावांत नाचत, गात, नाटकात कामं करत होतीच. हात आखडल्यावर घरच्यांनी मुंबई गाठली, ती या पोरीच्या अंगातल्या कलेच्या भरवशावर. तिथे गायिका-नटी नूरजहाँची नजर तिच्यावर पडली आणि १९४५च्या 'झीनत'मधल्या बायकांच्या कव्वालीत तिला उभं केलं. मेहनताना पंचवीस रुपये. ज्या वयात आम्ही सागरगोटे खेळत होतो, त्या वयात ती घर चालवायला निघाली होती.

पुढे शांतारामबापूंच्या 'तीन बत्ती चार रास्ता'त (१९५३) काम मिळालं. तरी नायिका म्हणून बस्तान काही बसेना. आता 'सुजाता' (१९५९) बघा. त्यात ती नूतनची बहीण आहे, हसरी, खोडकर. तिच्या वागण्यात कपटाचा लवलेश नाही. 'बचपन के दिन' हे गाणं या दोघींवरच आहे. हृषीकेश मुखर्जींच्या 'अनुपमा'त (१९६६) शर्मिला मान वर करून बोलत नाही आणि मैत्रीण झालेली ही बया सबंध घर डोक्यावर घेते. या दोन भूमिका ध्यानात घेतल्या तर तिला 'खलनायिका' म्हणून मोकळं होता येत नाही. लेखकाने हे सिनेमे पाहिले नसावेत किंवा विसरले असावेत.

'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' (१९६३) या दोन्हींसाठी तिला लागोपाठच्या वर्षी फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. 'गुमराह'बद्दल थोडं जास्त लिहिते. त्यातली लीला धमकी देते तेव्हा आवाज चढवत नाही. सोफ्यावर पाय टाकून बसते, हसते, पैसे मागते आणि समोरच्या माला सिन्हाबरोबर आपलाही जीव टांगणीला लागतो. शेवटी कळतं की ही तर मालाच्या नवऱ्याचीच सेक्रेटरी. (सिनेमाला साठ वर्षं उलटून गेली, तेव्हा गुपित फोडलं म्हणून कुणी रागावू नये.) हे माहीत झाल्यावर तो सिनेमा पुन्हा बघा. तिच्या प्रत्येक हसण्याला दुसरा अर्थ लागतो आणि तो दोन्ही वेळा खरा वाटतो. इतका तोल सांभाळणं भल्याभल्या नायिकांना जमलेलं नाही, असं माझं मत आहे. नायिकेने रडावं आणि कथा मात्र हिने पुढे ढकलावी, अशी त्या काळची वाटणी होती.

मधली काही वर्षं ती सिनेमा सोडून मदर तेरेसांच्या संस्थेत सेवेला गेली. परत आली ती आया-आज्यांच्या भूमिकांत, पुढे मालिकांतही. २००७मध्ये पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत ती गेली, पण कोरोनाच्या त्या दिवसांत कोण गेलं आणि कोण राहिलं याचा हिशेब ठेवायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं.

'कट्यार काळजात घुसली' नाटकातल्या झरीना, २०१५च्या बेळगाव नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष फैय्याज याही सोलापूरच्याच. त्यांच्यावर स्वतंत्र लेख हवा. दीड ओळ नको.

एक विनंती. बार्शी, करमाळा, पंढरपूर, अक्कलकोट इकडच्या जुन्या घरांतून तीस-चाळीसच्या दशकातली नाटकांची हँडबिलं, मेळ्यांचे फोटो अजून ट्रंकेत पडून असतील. त्यांत 'बेबी' म्हणून उभी असलेली एखादी जवळकरांची पोर दिसली, तर वाचकांनी ते आपल्या दैनिकाकडे पाठवावं आणि आपण ते छापावं. आईची ट्रंक मीही उपसून पाहिली. गिरणीची पगारपत्रकं, दोन रेशनकार्डं आणि 'गुमराह'चं गाण्यांचं पुस्तक निघालं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माला सिन्हा आणि सुनील दत्त आहेत. आतल्या पानावर आईने पेन्सिलीने लिहिलंय, 'आपली शशिकला'.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर