पहिल्या आयरिश बासरीसाठी लाकूड आणि चाव्यांचा मोह नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इंटरनेटवर आयरिश नृत्यसंगीत ऐकून ‘मला तशीच लाकडी बासरी हवी’ असा हट्ट धरणाऱ्या तीन मुलांचे पालक गेल्या वर्षभरात माझ्याकडे चौकशीला आले. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, हौसेने बांबूची बासरी वाजवतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी काही मुलांना शिकवतोही. त्या तिघांपैकी दोघांनी विचारण्याआधीच पैसे खर्च केले होते, आणि त्यांतली एक तर माझी सख्खी बहीण होती, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भाचीसाठी ऑनलाइन मागवलेली बासरी 7,400 रुपयांची होती. शिसवी रंगाचे लाकूड, त्यावर चकाकणाऱ्या सहा चाव्या (जादा भोके झाकणारी, खाली मऊ गादी असलेली आणि दाबली की उघडणारी धातूची झाकणे) आणि ठेवायला मखमली पेटी, असा सारा थाट. वरचे सूर कसेबसे निघत. परंतु सहाही भोके झाकली की सर्वांत खालचा सूर लागण्याऐवजी नुसती हवा येई. दोन महिने ती मुलगी स्वतःच्या फुंकेलाच दोष देत राहिली, याचे मला फार वाईट वाटते. मी फुंकरीचा वरचा भाग काढून ठेवला, उरलेल्या नळीचे खालचे तोंड बुचाने बंद केले, सहाही भोके बोटांनी झाकली आणि वरच्या तोंडाला ओठ लावून हवा आत ओढली. निर्दोष नळी अशा वेळी ओठांना धरून राहते. ही क्षणभरही राहिली नाही. मग प्रत्येक चावीच्या गादीखाली पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी सरकवून ओढून पाहिली, तेव्हा सहापैकी चार ठिकाणी ती अलगद निसटली. गादी भोकावर नीट बसत असती, तर पट्टी अडकायला हवी होती. परतीची मुदत उलटून गेल्यामुळे विक्रेत्याने हात वर केले.

खरे तर नवशिक्याला या चाव्यांची गरजच नसते. आयरिश बासरी म्हणजे आडवी धरायची, सहा उघड्या भोकांची, डी सुरातली, म्हणजे आपल्या हार्मोनियमवरच्या पांढरी दोनची लाकडी बासरी. थिओबाल्ड बोम या जर्मन वादकाने 1847 मध्ये बासरीची नवी रचना केली आणि पुढे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात तीच रूढ झाली. आयर्लंडमधल्या लोकवादकांनी मात्र त्याआधीची साधी लाकडी बासरी सोडली नाही. त्यांच्या बहुतेक चाली डी आणि जी (पांढरी पाच) या सप्तकांत किंवा त्यांच्याच सुरांवर उभ्या असलेल्या थाटांत असतात, आणि त्या सहा भोकांत बसतात. अधूनमधून लागणारा कोमल सूर बोटांच्या आडव्यातिडव्या ठेवणीने काढता येतो. म्हणून कमी पैशांत सहा चाव्या देऊ करणाऱ्या बासरीकडे मी संशयानेच पाहतो, कारण नीट बसणारी चावी घडवणे हे वेळखाऊ आणि महागडे काम आहे.

आता आपल्या घरच्या वाद्याकडे वळतो. आपली पांढरी पाचची, दोन फुटांहून थोडी लांब, मध्यम आकाराची बांबूची बासरी घ्या. तिचा षड्ज वरची तीन भोके झाकून लागतो. सहाही झाकली की मंद्र पंचम, म्हणजे नेमकी पांढरी दोन. तेथून खालून एकेक बोट उचलत गेलात तर धैवत, निषाद, षड्ज, ऋषभ, गांधार आणि तीव्र मध्यम असे जे सूर मिळतात, तेच आयरिश बासरीचे डी सप्तक. बोटांची ठेवणही तीच. भाचीला मी अशी बासरी 650 रुपयांना घेऊन दिली आणि त्याच आठवड्यात तिने पहिली चाल वाजवली. फरक आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. आयरिश बासरीची नळी आतून टोकाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे तारसप्तक जुळवणे सोपे जाते. बांबूत ते काम फुंकेने सावरावे लागते. शिवाय बांबूची बासरी जोडातून सरकवून इतर वाद्यांशी मिळवून घेता येत नाही. तरीही ओठ आणि बोटे तयार होईपर्यंत तिच्यात काही उणे नाही.

ज्यांना आयरिश घडणीचीच हवी, त्यांनी बिनचाव्यांची पॉलिमरची, म्हणजे कठीण प्लास्टिकची बासरी पाहावी. टोनी डिक्सन यांच्यासारखे इंग्लंडमधले कारागीर अशा बासऱ्या करतात. मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मात्र आधीच हिशेबात धरावे. ठाण्याची हवाही याच साहित्याला सोसते. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडाचे जोड फुगून अडकतात, आणि एसीच्या खोलीत तेच लाकूड आकसून तडा जाण्याची भीती असते. लहान मुलांची बोटे सहा भोकांवर पुरत नसतील, तर डी सुरातली टिन व्हिसल, म्हणजे टोकातून फुंकायची छोटी उभी बासरी द्यावी; ती एक सप्तक वर वाजते आणि बोटे जवळजवळ तशीच पडतात.

शहरातल्या वाद्यविक्रेत्यांना माझी विनंती आहे की, बासरी विकण्यापूर्वी ग्राहकाला ती दुकानातच फुंकून पाहू द्यावी. त्याला स्वतःला फुंकता येत नसेल, तर सोबत एखाद्या जाणकाराला आणण्याची मुभा असावी. सहाही भोके झाकून मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये (सूर ओळखणाऱ्या ॲपमध्ये) डी येतो का, आणि जोराने फुंकल्यावर त्याचेच वरचे सप्तक येते का, एवढे तपासायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्यांनी चाव्यांची गळकी बासरी आधीच घेतली आहे, त्यांनी ती फेकून देऊ नये. चाव्या काढून त्यांखालची भोके मेणाने किंवा चिकटपट्टीने घट्ट बंद करावीत आणि उरलेल्या सहा भोकांवर वाजवून पाहावे. भाचीच्या बासरीचा खालचा सूर तेवढ्यानेच लागला.

आपला विश्वासू,
एक बासरीप्रेमी वाचक, नौपाडा, ठाणे