आई, बाबा तुला विसरलेले नाहीत

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन उठून जातात, म्हणून लिहिते आहे. ठरलंय ते आधी सांगते. दसरा झाला की तुम्ही दोघं पुण्याला आमच्याकडे येताय, आणि पाहुणे म्हणून नाही, राहायलाच. वाईचं घर विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. किल्ली सुमनमावशीकडे राहील. दादाशी बोलून झालंय. त्याला वाईट वाटलेलं नाही, तुम्हीही त्या जुन्या गोष्टी काढू नका.

आई, तू देवळातून आलीस आणि बाबा तुला म्हणाले, "बसा, ती येईलच आता." ते तुझ्या मनातून जात नाही, कळतं मला. पण हे विसरणं नाही गं. तू "अहो" म्हणालीस तेव्हा त्यांचा जीव कसा भांड्यात पडला ते तूच सांगितलंस ना मला? ज्याला बायको आठवत नाही, त्याचं असं होत नाही.

डॉक्टर घाईत बोलले, म्हणून मी सावकाश सांगते. बाबांच्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या उजव्या रोहिणीत गुठळी अडकली. तिच्या रक्तावर मेंदूच्या तळाशी, साधारण कानाच्या मागे असलेली एक घडी जगते. नॅन्सी कॅन्विशर या शास्त्रज्ञ बाईंनी 1997 मध्ये स्कॅनवर दाखवलं, की तिथला एक छोटासा भाग घरं किंवा वस्तू बघताना फारसा कामाला लागत नाही, पण चेहरा दिसला की लागतो. बहुतेकांमध्ये उजव्या बाजूचा भाग हे काम जास्त करतो, आणि बाबांचा नेमका तोच दुखावलाय. म्हणून तांब्या, छत्री, तुझी निळी साडी, सगळं ओळखतात, चेहऱ्यापाशी अडतात.

नाक, डोळे, हनुवटी त्यांना दिसतात, पण त्यातून माणूस उभा राहत नाही. आपण चेहरा सगळा एकदम घेतो, सुटासुटा वाचत नाही. खरं वाटत नसेल तर अल्बम काढ आणि माझ्या लग्नातला सगळ्यांचा फोटो उलटा धरून कोण कोण ते सांग बघू. आत्या आणि काकू ओळखतानासुद्धा अडशील. रॉबर्ट यिन यांनी 1969 मध्येच दाखवलं होतं, की उलटं धरल्यावर बाकी कशाहीपेक्षा चेहरे ओळखणं आपल्याला फार जड जातं. बाबांना सुलट चेहऱ्यांचंही तसंच काहीसं होत असणार.

आणि बाबा, दाढी करताना आरशातला माणूस अनोळखी वाटला हे तुम्ही फक्त मलाच सांगितलंत. आता आईलाही कळू दे, यात लपवण्यासारखं काही नाही. योआखिम बोडामर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1947 मध्ये डोक्याला गोळी लागलेल्या एका तरुणाबद्दल लिहिलं आहे. त्यालाही आरशातला स्वतःचा चेहरा ओळखू येत नव्हता, पण आवाजावरून, चालीवरून, स्पर्शावरून आपली माणसं कळत होती. या आजाराला नाव त्यांनीच दिलं, प्रोसोपॅग्नोशिया. वेड नाही, म्हातारचळ नाही.

आई, अजून एक गोष्ट. 1985 मध्ये ट्रॅनेल आणि दामाझिओ यांनी अशाच रुग्णांना ओळखीचे आणि अनोळखी चेहरे दाखवले. रुग्ण सगळ्यांनाच "नाही ओळखत" म्हणत होते, पण ओळखीच्या चेहऱ्याला त्यांच्या तळहातांची त्वचा जास्त प्रतिसाद देत होती. सगळ्याच रुग्णांत असं होत नाही, पण मला बाबांबद्दल तसं वाटतं. शिवाय समोरचा हसतोय की रडतोय हे ओळखण्याचं काम मेंदू बरंचसं दुसरीकडे करतो. कोण ते कळलं नाही तरी समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आहे हे बाबांना दिसतं, आणि ते घाबरतात. म्हणून त्यांच्यासमोर नको रडूस. मला फोन कर, हवं तेवढं रड.

वाईत सगळे ओळखीचे, मग तिथून का हलवायचं, असं तू विचारशील. ओळखीचे आहेत म्हणूनच. भर बाजारात चाळिशीचा माणूस पाया पडला की बाबा त्याचं नाव, वर्ग आणि बाक सांगायचे. आता घाटावर जो भेटेल तो "काय सर, ओळखलंत का?" म्हणतो, आणि बाबांनी फिरायला जाणंच सोडलंय. इथे बाबांनी आपल्याला ओळखावं अशी कुणाची अपेक्षा नाही. शिवाय मेंदूचे डॉक्टर जवळ. पुन्हा काही झालं तर गुठळी विरघळवणारं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. वाईहून निघण्यात मला तेवढा वेळ घालवायचा नाही.

मागची खोली तुमची. सकाळचं ऊन येतं, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत, देव्हाऱ्याला कोनाडा आहे. चहा साडेचारलाच मिळेल, बिनवेलचीचा. सोहम खोलीत शिरताना स्वतःच "आजोबा, मी सोहम" म्हणतो. त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. बाबा, मला ताप आला की तुम्ही रात्रभर कपाळावर हात ठेवून बसायचात. मला आठवतं ते सगळं. तुम्हाला सांभाळण्यात आम्हाला कसलंही ओझं नाही, हे एकदाच सांगते आणि पुन्हा सांगणार नाही.

तोवर नीट ऐका. आई, बाबांना डाव्या बाजूचं कमी दिसतं. चटणी-कोशिंबीर वाढलीच नाही म्हणून ते कुरकुरतात, ती त्यांना दिसतच नाही. ताट थोडं फिरवून ठेव. आपण होऊन आधी बोल, "मी आलेय" म्हण. "ओळखा पाहू" म्हणणाऱ्या पाहुण्यांना दारातच थांबव, अगदी नानाकाकांनासुद्धा. पेपर वाचताना ओळीची सुरुवात सुटते, म्हणून डाव्या कडेला लाल पेन्सिलीची रेघ मार. रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलू लागले किंवा एकदम दिसेनासं झालं, तर घड्याळ बघायचं आणि 108 ला फोन, आधी मला नाही.

बाबा, स्कूटर शेजारच्या मुलाला देऊन टाकायला सांगितलंय. रागवा, चालेल. डावीकडून येणारी गाडी तुम्हाला दिसणार नाही.

हे सगळं पूर्वीसारखं होईल असं मी म्हणत नाही. काहींचं थोडं सुधारतं, पुष्कळांचं नाही. पण आवाजावर, चालीवर माणसं छान जगतात. येताना पितळी डबा, बाबांचा जुना चष्मा आणि अल्बम आणा. गाद्या आणू नका, इथे आहेत.

तुमची,
मनू