हलणारं गळू

प्रिय ताई,

फोनवर तू विचारलंस, "लॅबमध्ये हल्ली काय चाललंय?" मी "अळ्या" म्हणालो, तर "शी!" म्हणून फोन आईच्या हातात दिलास. म्हणून लिहून कळवतो. जेवण झाल्यावर वाच.

परवा एक जण खांद्यावरचं गळू घेऊन आला. मध्य अमेरिकेतल्या जंगलात भटकून आलेला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले तरी गळू बसेना. "आत काहीतरी वळवळतं," असं तो पहिल्यापासून सांगत होता, पण ते हसण्यावारी गेलं. अर्धं निदान तर त्यातच होतं! गळवाच्या मधोमध बारीक भोक होतं आणि त्यातून तांबूस पाणी झिरपत होतं. भोकावर पाण्याचा थेंब ठेवला, भिंग धरलं, तर थेंबात बुडबुडे. म्हणजे आत माशीची अळी! ती श्वास घेते मागच्या टोकाने, म्हणून ते टोक भोकाशी ठेवते. सोनोग्राफीत ती हलतानाही दिसली.

व्हॅसलिनचा जाड थर लावून भोक बुजवलं. काही तासांनी जीव गुदमरून ती वर आली, तशी चिमट्याने सबंध काढली. अंगावर काट्यांची वलयं असतात, त्यामुळे ओढाताण केली तर तुटते.

ही डर्माटोबिया होमिनिस नावाच्या माशीची अळी. हिची लबाडी बघ: माशी स्वतः माणसाकडे येत नाही, डासाला पकडून त्याच्या अंगाला अंडी चिकटवते. डास चावायला बसला की कातडीच्या उबेने अळी बाहेर येते आणि आत शिरते. मग मुक्काम 5 ते 10 आठवडे. आफ्रिकेतली टुंबू माशी वाळत घातलेल्या कपड्यांवरही अंडी घालते, म्हणून तिथे कपड्यांना कडक इस्त्री करायला सांगतात.

माझं खरं काम यापुढचं. अळी आधी कडक गरम पाण्यात टाकायची, मग अल्कोहोलमध्ये. थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर आक्रसते, काळी पडते. माणूस तोंडावरून ओळखतात, अळी मागून! तिथे श्वासाची दोन छिद्रं, प्रत्येकात तीन चिरा. डर्माटोबियात त्या जवळजवळ सरळ, टुंबूत नागमोडी. नुसतं "अळी आढळली" असा रिपोर्ट मला पटत नाही. जखमेत पडलेली आसडी, म्हणजे अळी, क्रायसोमिया बेझियाना या माशीची असली तर ती जिवंत मांस खात आत जाते. तिथे थांबून चालत नाही.

आज शौचाच्या नमुन्यात अळ्या सापडल्याची डबी आलीय. त्या पोटातून आल्या की डबी उघडी राहिल्यावर माशीने घातल्या, हे आधी विचारायचंय. बहुतेक माशीचंच काम निघेल.

आईला एवढंच सांग, मी मजेत आहे.

तुझा,
धाकटा