बाबा, ही थट्टा तुमची नव्हे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

माझा राजीनामा मंजूर झाला असून, आधुनिक कथा-कादंबऱ्यांतील नोकरशाही या विषयावरील संशोधनासाठी विद्यापीठात नोंदणीही झाली आहे. हे ऐकल्यावर बाबा फोनवर एवढेच म्हणाले, की जन्मभर नस्त्या हाताळणाऱ्याच्या घरात हाच विषय सापडला का? त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नसते.

बाबा, कारकुनाला हसायचे म्हणून मी हे लेखक वाचत नाही. कादंबरीकार काफ्का स्वतः १९०८ पासून १९२२ पर्यंत प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता आणि रंधायंत्रात कामगारांची बोटे जाऊ नयेत म्हणून काय करावे, यावर त्याने तपशीलवार टिपण लिहिले होते. तुम्ही ते पसंतच केले असते. त्याच माणसाच्या, मृत्यूनंतर १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅसल’ या कादंबरीत जमिनीचा एक मोजणीदार अशा गावी येतो जिथे त्याची गरजच नाही. ‘मोजणीदार नको’ हे गावाचे उत्तर पूर्वी भलत्याच विभागात गेले होते, आणि तिथेही पोहोचले ते फक्त फायलीचे कव्हर, आतला कागद वाटेतच गहाळ! गावचा प्रमुख हे सारे शांतपणे सांगतो. त्याची बायको कपाट उघडते तेव्हा कागदांचे गठ्ठे जमिनीवर कोसळतात. आणि चूक होण्याची शक्यता विचारातच घ्यायची नाही, हे वरच्या कार्यालयाचे तत्त्व असल्याचेही तो ऐकवतो. यात कामचुकार कोणी नाही, आणि मला भीती वाटते ती नेमकी याचीच.

कथाकार कृश्न चंदर यांच्या ‘जामुन का पेड़’ या कथेतही तेच. सचिवालयाच्या आवारात जांभळाच्या झाडाखाली माणूस अडकलेला असतो आणि शेती खाते म्हणते, झाड फळांचे आहे, प्रकरण फलोद्यानाकडे पाठवा. फलोद्यान म्हणते, फळझाड तोडता येणार नाही. प्रत्येक शेरा आपापल्या जागी बिनचूक, आणि मंजुरी येते तेव्हा माणूस गेलेला. आई, ही कथा बाबांना रात्री वाचून दाखवू नकोस.

बाबा, लहानपणी मी खाऊसाठी अर्ज लिहायचे आणि तुम्ही त्यावर ‘विचाराधीन’ असा शेरा मारून, माझे तोंड पडायच्या आत खाली ‘मान्य’ लिहून सही करायचा. या पुस्तकांत ती दुसरी ओळ लिहायला कोणी उरलेले नाही, एवढेच मला प्रबंधात मांडायचे आहे.

माझी काळजी करू नका. खोली उजेडाची आहे, टेबल मोठे आहे, जेवण वेळेवर होते आणि साठवलेले पैसे प्रबंध पूर्ण होईपर्यंत पुरतील.

आता माझे ऐका. हयातीच्या दाखल्यासाठी एकटे जाऊन रांगेत उभे राहायचे नाही. मी येईन, बरोबर जाऊ. जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’ या कादंबरीत (१९६१) कोसळलेल्या विमानाच्या यादीत नाव होते म्हणून समोर उभा असलेला डॉक्टर कागदोपत्री मृत ठरतो आणि त्याच्या बायकोला विम्याचे पैसेही मिळतात. (आई, हसू नकोस.) रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, आणि डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे तेव्हा वाचन दिवसाउजेडीच करायचे. पुस्तके पाठवली आहेत. जिथे लेखकाला कचेरीचे कामकाज कळलेले नाही असे वाटेल, तिथे समासात पेन्सिलीने शेरा लिहा, तुमच्या नेहमीच्या कार्यालयीन भाषेत. मला ते शेरे कामासाठी हवे आहेत.

तुमची लेक