घाटात बाजू न देणारा ट्रक

उगाव, ता. निफाड
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिगू,

मागच्या महिन्यात फोनवर तू म्हणालास, "हे ट्रकवाले घाटात मुद्दाम आडवे चालतात." मीही हो म्हणालो होतो. आज ते शब्द परत घेतोय.

साठवणीच्या चाळीतला उरलेला उन्हाळ कांदा दिल्लीला आझादपूर मंडईत पाठवला आणि या खेपेला मीही गाडीत बसून गेलो. बारा टायरची गाडी, वीस टन माल, बाराशे किलोमीटरहून जास्त रस्ता. सोबत ड्रायव्हर आणि क्लीनर. क्लीनर पोरगा ड्रायव्हरना 'उस्ताद' म्हणतो, मग मीही तेच म्हणू लागलो.

खलघाटला नर्मदा ओलांडली की पुढे गणपती घाट लागतो. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर माणसाच्या चालीने चढत होती. मागे कारवाल्यांचे हॉर्न. उस्ताद घामाने निथळलेले, इंजिन पायाशीच तापलेलं. म्हणाले, "इथं थांबलो तर गाडी उचलणार नाही. मागं सरकली तर या हॉर्नवाल्यांचं काय?" दिगू, त्यांना मागच्यांचीच काळजी होती रे! उताराचं विचारलं तर म्हणाले, "डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारा घरी पोचत नाही."

आता बनणाऱ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, फार चांगलं झालं. पण त्यांची गाडी जुनी.

गुनाच्या अलीकडे रात्री दोनला पाऊस आला. आडवं होऊन उस्तादांना जेमतेम तासभर झाला होता. ताडपत्री टाकली तर कांदा उबतो, न टाकली तर भिजतो. दोघं अंधारात गोण्यांवर चढले, रस्सा आवळून खाली आले. पहाटे पाऊस थांबल्यावर परत चढून ताडपत्री उघडली. माल माझा. मला तर जागसुद्धा उशिरा आली, याची अजून लाज वाटते. कायद्याने १९६१ सालीच आठ तासांचा दिवस ठरवून दिला, पण या माणसाचा दिवस कुठे संपतो ते मला तरी दिसलं नाही.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते जातानाच, शिरपूरजवळ. उस्तादांचं गाव हायवेपासून सहा किलोमीटर. गाडीचा खोळंबा होईल म्हणून ते घरी गेले नाहीत. वहिनी नातीला घेऊन फाट्यावर उभ्या होत्या. डबा हातात दिला, नातीने स्टिअरिंगला हात लावून घेतला, आणि पाच मिनिटांत आम्ही निघालो. पुढे बिजासनी मातेच्या देवळापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

मंडईत गाडी खाली व्हायला आठ तास गेले. त्या थांबण्याचा त्यांना एक पैसा मिळत नाही. मी रेल्वेने परतलो, ते परतीच्या भाड्यासाठी संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरमध्ये थांबले.

काल त्यांचा फोन आला. दोन दिवसांनी भाडं मिळालं, तेही तुमच्या चाकणचं! गाडी परवा पोचेल. तुझा नंबर दिलाय. सुलभावहिनींना म्हणावं, दोन माणसांचा डबा करा, भाकरी आणि थोडं तिखट पिठलं. आणि त्यांना तुझ्याकडे आंघोळ करू दे. गरम पाण्याची आंघोळ मिळून किती दिवस झाले, असं मी विचारलं होतं. ते नुसतेच हसले.

तुझा,
बाळू