खिळा न उपटल्याबद्दल

आदरणीय उस्ताद,

स. न. वि. वि.

तुम्ही आमचे नालबंद, पण सगळ्यात आधी आभार मानायचे आहेत ते तुम्ही न केलेल्या कामाचे. घोडा लंगडतोय, पाय उचलून पाहिलं तर तळव्यात खिळा, की भोवतीच्या प्रत्येकाचा हात पकडीकडे जातो. तुम्ही मात्र त्याला हात लावत नाही आणि लावूही देत नाही. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे बांधता, म्हणजे घोड्याचं वजन त्यावर येत नाही, आणि घोडा तसाच लगेच गाडीत चढवून आमच्याकडे पाठवता. फ्रॉगचं, म्हणजे तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाचं, शिंग रबरासारखं असतं, खिळा निघाला की भोक मिटतं आणि दुसऱ्या दिवशी जागासुद्धा सापडत नाही. खिळा आत असला की एक समोरून आणि एक बाजूने, असे दोन एक्स-रे पुरतात. टोक टाचेच्या गादीत थांबलंय की खोल टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ओलांडून नॅव्हिक्युलर या खुरातल्या छोट्या हाडामागच्या द्रवाच्या पिशवीत गेलंय, ते तिथेच कळतं. फ्रॉगचा मधला तिसरा हिस्सा आणि त्याच्या बाजूच्या खाचा, या जागेचा खिळा सगळ्यात वाईट. आणि प्रत्येक पावलागणिक आत जाणारा खिळा काढावाच लागला, तर तुम्ही आधी फोटो घेता, भोकाभोवती मार्करने गोल करता आणि किती खोल, कोणत्या दिशेने, ते लिहून खिळ्यासकट पाठवता. आमचा अर्धा तपास तिथेच झालेला असतो.

घाईचं कारण तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी लिहितो. जवळचा सांधा, टेंडनचं आवरण किंवा ती पिशवी उघडी पडली आहे का, हे पाहायला जखमेपासून दूर, स्वच्छ जागी सुई घालून सलाइन भरतात. ते जखमेतून बाहेर आलं की शंका उरत नाही. काढलेला द्रव निरोगी असला तर फिकट पिवळा, पारदर्शक आणि तार धरणारा असतो, दर मायक्रोलीटरला पांढऱ्या पेशी हजाराच्या आत. जंतुसंसर्गात त्या ३०,००० च्या वर जातात आणि प्रथिनं डेसीलीटरला ४ ग्रॅमच्या पुढे. मग दुर्बिणीतून कित्येक लीटर द्रवाने आतून धुणं आणि पायाला रबरी पट्टा आवळून शिरेतून प्रतिजैविक. पट्टा २० ते ३० मिनिटं. घोडा हलत राहिला की औषध पट्ट्याखालून वर निसटतं, म्हणून गुंगी आणि नर्व्ह ब्लॉक (पाय बधिर करणारं इंजेक्शन) आधीच. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरायचं नाही, घोडा त्या बाबतीत फार नाजूक.

एक फसगत वारंवार होते. जखमेतून सांध्याचा द्रव वाहत असेल तर आत दाब साठत नाही आणि घोडा फारसा लंगडत नाही. त्यात कुणी वेदनाशामक दिलेलं असलं तर ‘बरा झाला’ म्हणून दोन दिवस थांबतात. जखम मिटते आणि मग घोडा पाय टेकत नाही. हे तुम्ही घोडेवाल्यांना आमच्यापेक्षा चांगलं समजावता.

आता खूर तयार करण्याचं काम. खूर पूर्ण निर्जंतुक कधीच होत नाही, जंतू कमी करणं एवढंच हातात असतं. नाल उतरवणं, भिंतीचा वरचा थर कानसीने उतरवणं, तळव्याचं आणि फ्रॉगचं मेलेलं शिंग सुरीने काढणं, ब्रशने घासणं, मग पोव्हिडोन आयोडीनच्या ओल्या पट्टीत रात्रभर गुंडाळणं. कानस थोडी जास्त चालली तर भिंत पातळ होते आणि नंतर नालेचे खिळे धरत नाहीत. कुठे थांबायचं हे तुमच्या हाताला कळतं, आम्ही नुसतं बघतो.

पाटीच्या नालेबद्दल तर वेगळंच पत्र लिहायला हवं. तळव्याची जखम रोज उघडायची आणि शेणामुतापासून झाकायचीही, तर साधी पट्टी एका रात्रीत फाटते. तुम्ही शस्त्रक्रियेच्या आधीच नाल बसवता, कारण नंतर दुखऱ्या खुरावर हातोडी चालवणं म्हणजे छळ. नालेत आटे पाडून ठेवता आणि अॅल्युमिनियमची पाटी बोल्टने कसता. बोल्ट इतके आखूड, की आतलं टोक खुराला लागत नाही, आणि डोकं पाटीत बसवलेलं, म्हणजे फरशीवर घासून त्याची खाच जात नाही. आट्यांना ग्रीस. आत कापूस घट्ट कोंबला तर तळव्यावर दाब येऊन नवं दुखणं सुरू होतं, हे तुम्ही प्रत्येक मोतद्दाराला स्वतः करून दाखवता.

केराटोमासाठी, म्हणजे खुराच्या भिंतीआड वाढलेल्या शिंगाच्या गाठीसाठी, भिंतीत खिडकी पाडली की तिच्या दोन्ही बाजूंना क्लिप (नालेचे वर वळवलेले कान) आणि मागून बंद नाल, नाहीतर भिंतीचे दोन तुकडे एकमेकांवर हलतात. भिंत महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढते, पुढचा भाग भरायला ९ ते १२ महिने. खालचा पृष्ठभाग कोरडा आणि कडक होईपर्यंत खिडकी अॅक्रिलिकने भरायची नाही, हा तुमचा हट्ट बरोबर आहे. घाण आत कोंडते, शिवाय अॅक्रिलिक घट्ट होताना तापतं.

टाचेच्या कापाला नुसते टाके पुरत नाहीत, प्रत्येक पावलाला टाच फाकते. म्हणून दोन-तीन आठवडे आखूड प्लास्टर. त्याच्या एकाच जागी माश्या बसायला लागल्या तर आत काहीतरी वाहतंय, ही खूण तुमचीच. ऊब, वास किंवा अचानक वाढलेलं लंगडणं दिसलं तरी तेच, प्लास्टर उतरवायचं.

आणि तुम्ही आल्याआल्या चांगला पाय बघता. २००६ मध्ये अमेरिकेतल्या प्रीकनेस शर्यतीत बार्बारो या घोड्याचा उजवा मागचा पाय मोडला. धातूची पट्टी आणि २७ स्क्रूंनी हाड धरलं, पण सगळा भार घेतलेल्या डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस (खुराची भिंत हाडाशी धरणाऱ्या थरांचा दाह) झाला, खुराची बहुतेक भिंत काढावी लागली आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला दयामरण द्यावं लागलं. प्लास्टरने एका पायाची उंची वाढली की तुम्ही दुसऱ्या खुराखाली तेवढीच जाडी देता आणि फ्रॉगला आधार भरता. आमच्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत याचे फक्त दोन शब्द असतात: ‘नाल बसवली’. ते बदलतोय. यापुढे कोणती नाल, किती खिळे, कुठे आणि कुणी, हे सगळं लिहिलं जाईल.

पाटीचे आखूड बोल्ट संपत आलेत. येताना थोडे जास्तच आणा.

आपले,
शस्त्रक्रिया विभागातले आम्ही सगळे